सर, एक विचारायचं होतं : सवानीचे सहा दिवस

गेल्या अंकात शालेय स्पर्धांच्या वेळापत्रकाबद्दल लिहिताना मी दोन ओळी लिहून गेलो होतो. १८९९ साली अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजच्या फुटबॉल संघाने सहा दिवसांत पाच सामने खेळले, पाचही परगावी, पाचही जिंकले, आणि एकाही सामन्यात समोरच्याला एक गुण मिळू दिला नाही. त्या दोन ओळींवरच पत्रं आली, बाकी लेखावर फारशी नाहीत. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा सवानीला, म्हणजे त्याच कॉलेजला.

सर, तुम्ही लिहिलंय ते खरं आहे का? मी कबड्डी खेळलेला माणूस आहे. सलग दोन दिवस सामने झाले की तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागायचं. सहा दिवसांत पाच सामने माणूस कसा खेळेल?
*— एक वाचक, तासगाव*

खरं आहे. तुमच्या मनात जी शंका आली तीच मला आली होती, म्हणून तारखा नीट लावून पाहिल्या. तुम्हीही पाहा.

गुरुवार, ९ नोव्हेंबर १८९९. ऑस्टिन शहर. समोर टेक्सस विद्यापीठ. सवानी १२, टेक्सस ०.

शुक्रवार, १० नोव्हेंबर. ह्यूस्टन. समोर टेक्सस ए अँड एम. १०-०. म्हणजे आदल्या दिवशीचा सामना संपवून, रेल्वेत बसून, उतरून पुन्हा मैदानात. मध्ये पुरता एक दिवसही गेलेला नाही.

शनिवार, ११ नोव्हेंबर. न्यू ऑर्लिन्स. ट्युलेन विद्यापीठ. २३-०. ह्यूस्टनपासून न्यू ऑर्लिन्स साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे. तो प्रवासही रात्रीतून.

रविवारी विश्रांती. कॉलेज चर्चचं, त्यामुळे रविवारी खेळायचा प्रश्नच नव्हता.

सोमवार, १३ नोव्हेंबर. बॅटन रूज. लुइझियाना स्टेट विद्यापीठ. ३४-०. आणि मंगळवारी, १४ तारखेला, मेम्फिसला मिसिसिपी विद्यापीठाशी १२-०. तिथून घरी.

पाच सामन्यांची बेरीज ९१-०. घरातून निघून घरी परत येईपर्यंतचा प्रवास सुमारे अडीच हजार मैलांचा, म्हणजे चार हजार किलोमीटर. आपल्याकडचं माप लावायचं तर मुंबईहून दिल्लीला जायचं, परत यायचं आणि पुन्हा दिल्लीला जायचं. सगळं वाफेच्या इंजिनावर.

त्यात सगळा भार डझनभर मुलांवर होता. त्या काळच्या नियमाप्रमाणे सामन्यातून बाहेर पडलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे. आज या खेळात चढाईचा संघ वेगळा, बचावाचा वेगळा, किक मारायला तिसराच माणूस. तेव्हा जो चढाई करायचा तोच बचाव करायचा, तोच किक मारायचा. म्हणून बाहेर जायचं म्हणजे संघाला दगा दिल्यासारखं वाटायचं. त्यांचा कॅप्टन हेन्री सीबल्स याचं डोकं ऑस्टिनच्या सामन्यात फुटलं, आणि तरी तो खेळत राहिला. आज माझ्या हाताखालच्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला ओढून बाहेर काढलं असतं. पण ते साल १८९९ होतं आणि डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मार कमी बसावा म्हणून खेळाडू डोक्यावरचे केस वाढवत. त्या संघाचा फोटो पाहा, भांग पाडलेल्या दाट केसांची ती मुलं एखाद्या नाटक मंडळीतली वाटतात.

तुमच्या जिन्याच्या प्रश्नाचं उत्तर खाली एका आईच्या पत्रात दिलंय. तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

हा खेळ म्हणजे नक्की काय? आपला फुटबॉल की रग्बी? आणि गुण १२, १०, २३ असे विचित्र का?
*— कॉलेजचा विद्यार्थी, सोलापूर*

आपला फुटबॉल नव्हे. रग्बीतूनच निघालेला, पण तोवर वेगळा झालेला खेळ. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याच्या सीमारेषेपलीकडे न्यायचा. त्याला टचडाउन म्हणतात.

मात्र आज टीव्हीवर दिसतो तो खेळ डोळ्यांसमोरून काढून टाक. आज लांबच लांब फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू दिसतो ना, ती पुढची फेक तेव्हा नियमात नव्हतीच, ती १९०६ साली आली. तेव्हा फक्त पळायचं, रेटायचं आणि किक मारायची. मैदान ११० यार्ड लांब. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहणार, नाहीतर समोरच्याला. पाच यार्ड म्हणजे साडेचार मीटर. तेवढ्या जागेसाठी अकरा जण अकरा जणांवर आदळत. एकमेकांना धरून पाचरीसारखं घुसायचं, हीच मुख्य युक्ती. खेळ पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन डावांचा.

गुणांचं असं. टचडाउनला ५ गुण. त्यानंतर खांबांमधून किक मारायची संधी, ती साधली तर १ गुण. खेळ चालू असताना मैदानातून मारलेली किक खांबांमधून गेली तर तिचेही ५. आता टेक्ससविरुद्धचे १२ बघ: दोन टचडाउन, दोन्हीनंतरच्या किक साधल्या. ह्यूस्टनचे १० म्हणजे दोनदा पाच. हा हिशेब लक्षात ठेव, खाली ऑबर्न या संघाशी झालेल्या सामन्यात लागणार आहे.

सर, नाव सवानी की सेवानी? माझ्या भाच्याने 'सुवानी' सांगितलं.
*— एक वाचक, पुणे*

तिथे कानावर 'सुवॉनी' आणि 'सवानी' यांच्या मधलं काहीतरी पडतं. मी सवानी लिहितो. विद्यापीठाचं औपचारिक नाव 'युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ', पण गावात ते कोणी म्हणताना ऐकलं नाही.

तुम्ही स्वतः तिथे गेला होता का? हे कॉलेज आहे तरी कसं? एवढ्या लहान कॉलेजचा संघ एवढ्या मोठ्या विद्यापीठांना हरवतो, म्हणजे मुलं तशीच निवडून आणली असणार.
*— निवृत्त शिक्षक, मिरज*

गेलो होतो. माझी लेक टेनेसी राज्यात नॅशव्हिलला असते. तिच्याकडे गेलो असताना जावयांनी एका शनिवारी गाडी काढली. दीड तासाचा रस्ता. शेवटी कंबरलँड पठाराचा घाट चढावा लागतो. उंची आपल्या लोणावळ्याएवढी, सहाशे मीटरच्या आसपास, आणि धुकंही तसंच. दगडी इमारती, ओकची झाडं, मध्ये मोठं चर्च. एपिस्कोपल पंथाच्या बिशपांनी १८५७ साली हे विद्यापीठ स्थापलं. कोनशिला बसली, लगेच यादवी युद्ध आलं, आणि युद्धात ती कोनशिलासुद्धा सुरुंगाने उडवली गेली. १८६८ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा विद्यार्थी होते नऊ. त्यानंतर एकतीस वर्षांनी हा संघ उभा राहिला.

मुलं निवडून आणली का, तर आज आणतात तशी नव्हे. माझ्या मते उत्तर दुसरीकडे आहे. डोंगरावरचं गाव, करमणूक नाही, सगळे एकत्र राहणारे. शिवाय तिथलं सत्र उन्हाळ्यातही चालायचं आणि मोठी सुट्टी हिवाळ्यात असायची. बाकी कॉलेजांची मुलं सुट्टीवरून येऊन सराव सुरू करेपर्यंत सवानीची मुलं खेळात मुरलेली असायची. ज्याने शाळेत संघ बांधलाय त्याला याचा अर्थ सांगायला नको. जूनमध्ये नवा संघ हातात घेतला की गणपतीपर्यंत मुलं एकमेकांची हालचाल ओळखायला लागतात. त्याआधी सामना पडला तर हमखास दोन मुलं एकाच बाजूला पळतात.

कोच बिली सूटर स्वतः प्रिन्स्टनला खेळलेला. प्रिन्स्टन तेव्हा या खेळातलं मोठं घराणं. म्हणजे शिकवणारा माणूसही चांगला मिळाला होता.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सवानीहून खाली कोवन नावाच्या गावापर्यंत कोळशासाठी बांधलेला एक रेल्वेचा फाटा होता. चढ इतका, की लोकांनी त्या गाडीचं नाव 'माउंटन गोट', म्हणजे डोंगरी बकरी, ठेवलं. रूळ आता नाहीत. त्या वाटेच्या काही भागावर पायवाट केली आहे, लोक तिथे चालतात, सायकली चालवतात. नातवाचा हात धरून मी तिथे तासभर चाललो. पायाखाली पानांचा थर, बाजूला कापलेला कातळ आणि त्यातून पाझरणारं पाणी. कातळाला हात लावला तर बर्फासारखा गार. ती मुलं याच उतारावरून खाली गेली असणार, मनात टेक्सस. मी नातवाला म्हटलं, इथून गाडी गेली होती बरं का. तो म्हणाला, मग शिट्टी कुठे आहे?

एवढा खटाटोप केला कशासाठी? एक-दोन सामने कमी ठेवले असते तर काय बिघडलं असतं?
*— एक वाचक, कोल्हापूर*

पैशासाठी, आणि यात कमीपणा काही नाही. सवानीचा मोठा सामना दरवर्षी नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी व्हायचा. त्या वर्षी तिकिटांच्या पैशावरून दोघांचं फिसकटलं आणि सामनाच झाला नाही. संघाचा खर्च भागायचा तो याच सामन्यावर. आता ती तूट भरायची कशी?

संघाचा मॅनेजर होता लूक ली, विशीतला विद्यार्थी. त्याने पत्रव्यवहार करून हा दौरा जुळवला. रेल्वेचा डबा एकदा घेतलाच आहे, तर त्यात जितके सामने बसतील तितके बसवायचे, प्रत्येक गावच्या तिकीटविक्रीतला वाटा घ्यायचा. हिशेब साधा आहे. मुक्काम वाढला की खर्च वाढतो, म्हणून मुक्काम रेल्वेतच करायचा. मी स्वतः बत्तीस वर्षं मुलांचे संघ घेऊन फिरलो. जिल्ह्याच्या स्पर्धेला निघताना खिशात किती पैसे, मुलं किती, परतीची एसटी कधी, हे गणित रात्री वहीत मांडायचो. एक मुक्काम वाचला तर मुलांना दोन वेळ दूध मिळायचं. त्यामुळे लूक ली हा मला त्या संघातला खेळाडूच वाटतो.

याच लूक लीने पुढे नॅशव्हिलला 'टेनेसियन' वृत्तपत्र काढलं, तो अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेला. आणि पहिलं महायुद्ध संपल्यावर, जानेवारी १९१९ मध्ये, काही साथीदार घेऊन तो हॉलंडमधल्या आमेरोंगनच्या वाड्यावर गेला. तिथे जर्मनीचा पदच्युत सम्राट, म्हणजे कैसर, आश्रयाला होता, त्याला उचलून न्यायचा बेत! कैसर हाती लागला नाही, रिकाम्या हाताने परत यावं लागलं. पण विशीत पाच सामन्यांचा दौरा जुळवणारा माणूस पुढे काय काय मनात आणू शकतो ते पाहा.

सर, सगळे सामने एकतर्फी झाले का? समोरचे संघच कच्चे असतील तर अजिंक्य राहण्यात काय विशेष?
*— एक वाचक, नाशिक*

प्रश्न रास्त आहे. पूर्ण मोसमात १२ सामने, १२ विजय, सवानीचे गुण ३२२, विरुद्ध फक्त १०. यात कंबरलँड विद्यापीठाविरुद्धचा ७१-० आणि टेनेसी विद्यापीठाविरुद्धचा ४६-० असे सामने आहेत. त्यांवरून संघाची खरी परीक्षा होत नाही, हे मान्य.

पण ते विरुद्धचे १० गुण कुठून आले ते पाहा. ३० नोव्हेंबर, माँटगोमेरी शहर, समोर ऑबर्न. ऑबर्नचा कोच जॉन हाइझमन. आज अमेरिकेत कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला ज्याच्या नावाचा करंडक देतात, तोच. मोसमभर ज्यांच्या सीमेपलीकडे कोणी चेंडू नेला नव्हता त्यांना त्या दिवशी ऑबर्नने रडकुंडीला आणलं. जागा ऑबर्नने जास्त कापली. निकाल सवानी ११, ऑबर्न १०.

आता तो गुणांचा हिशेब आठवा. त्या नियमांत एका गुणाची गोष्ट एकच होती, टचडाउननंतरची किक. दोघांनी दोन-दोनदा पाच गुण कमावले, आणि फरक पडला तो त्या एका किकेचा. बारा सामन्यांचा अजिंक्य मोसम एका मुलाच्या एका पायावर उभा होता.

हाइझमनला तो निकाल पटला नाही. पंचांचे निर्णय चुकले असं त्याने नंतर वर्तमानपत्राला जाहीर पत्र लिहून सांगितलं. मी पंच म्हणून शेकडो सामने पाहिलेत. एका गुणाने हरलेल्या प्रशिक्षकाला पंच चुकलेलाच दिसतो, आणि कधी कधी तो खरंच चुकलेला असतो. सव्वाशे वर्षांनंतर मी त्यात निवाडा देणार नाही. मात्र सवानीचं कौतुक करताना ऑबर्नचं नाव घेतलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्या मोसमातला सगळ्यात चांगला खेळ कदाचित हरलेल्या संघाने केला.

आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, २ डिसेंबरला, अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध शेवटचा सामना. ५-०. तेही एका किकेवर, ती मारली रेक्स किलपॅट्रिकने. ऑबर्नने अंग खिळखिळं केल्यावर अठ्ठेचाळीस तासांत हा सामना जिंकणं मला टेक्ससच्या दौऱ्याइतकंच मोठं वाटतं. लोक सहा दिवसांची गोष्ट सांगतात, या दोन दिवसांची सांगत नाहीत.

ते देशात सर्वोत्तम होते का? ते ठरवता येणार नाही. उत्तरेतली मोठी विद्यापीठं त्यांच्याशी खेळलीच नाहीत. त्याच वर्षी हार्वर्डही एकही सामना हरलं नव्हतं, येलशी ०-० बरोबरी तेवढी झाली. दक्षिणेत मात्र सवानीच्या तोडीचं कोणी नव्हतं.

सर, माझी मुलगी खो-खो खेळते. तालुक्याच्या स्पर्धेत एका दिवसात दोन-दोन सामने ठेवतात. रात्री पोटऱ्या दुखून रडते. तुमच्या त्या संघाने काय केलं ते सांगा, म्हणजे तिला काही उपयोग होईल.
*— एक आई, विटा*

ताई, तुमच्या पत्रासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

त्या संघाबरोबर दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी, पिंपं भरून रेल्वेत घेतलेलं. गावोगावचं पाणी बाधू नये म्हणून. १८९९ मध्ये विषमज्वराने माणसं मरत होती, ही काळजी अगदी योग्य होती. आणि दुसरा एक माणूस. त्याचं नाव कॅल बरोज. कृष्णवर्णीय होता. खेळाडूंचं अंग रगडून देणं हे त्याचं काम. सामना संपला, गाडी सुटली, मुलं आडवी झाली, की याचं काम सुरू. एकामागून एक पोटऱ्या, मांड्या, खांदे. डझनभर जणांचं अंग, चालत्या गाडीत, सकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी ती मुलं मैदानात उभी राहिली ती या हातांमुळे.

संघाच्या गौरवाच्या लिखाणात कॅप्टन असतो, कोच असतो, किक मारणारा असतो. बरोजचं नाव एखाद्या ओळीत येतं आणि जातं. त्याला त्या संघात खेळता आलं नसतं, त्या विद्यापीठात शिकताही आलं नसतं. कृष्णवर्णीयांना सवानीत प्रवेश मिळायला १९५० चं दशक उजाडावं लागलं, आणि त्यासाठी धर्मशास्त्र विभागातल्या प्राध्यापकांना राजीनामे द्यावे लागले. म्हणून मी ही गोष्ट ज्याला ज्याला सांगतो त्याला बरोजचं नाव आधी सांगतो. बारा विजयांत त्याचा वाटा कोणाहून कमी धरायला मी तयार नाही.

हे मला का कळतं ते सांगतो. एकदा विभागीय स्पर्धेत आमच्या शाळेच्या मुलांचे एकाच दिवशी दोन सामने लागले. दुसऱ्यात आमच्या सगळ्यात चपळ पळणाऱ्या मुलाच्या पोटरीत गोळा आला. खांबाला धरून तो खाली बसला. हात लावला तर पोटरी दगडासारखी. पाय सरळ केला, पंजा हळूहळू त्याच्या तोंडाकडे ढकलून धरला. आधी तो ओरडला, मग मिनिटाभरात तो गोळा माझ्या तळव्याखाली विरघळताना जाणवला, उकडलेला बटाटा दाबावा तसा. त्या रात्री धर्मशाळेत कंदिलाएवढ्या उजेडाच्या बल्बखाली तिळाचं तेल कोमट करून सगळ्या मुलांच्या पायांना लावलं. शेवटच्या मुलापर्यंत पोचलो तेव्हा माझी बोटं वळत नव्हती. फक्त नऊ मुलं होती आणि खोली हलत नव्हती. तेव्हापासून बरोज माझ्या मनात आहे.

आता तुमच्या लेकीसाठी. सामना संपल्या संपल्या तिला मटकन खाली बसू देऊ नका, पाच-दहा मिनिटं चालायला लावा. मीठ-साखर-लिंबाचं पाणी थोडं थोडं करून पाजा. दोन सामन्यांच्या मध्ये वडापाव नको, केळं किंवा गूळ-शेंगदाणे द्या. रात्री कोमट तेलाने पोटरी घोट्याकडून गुडघ्याकडे चोळायची, जोर बेताचा. मुलींनी एकमेकींचे पाय चोळायला शिकावं, आमच्या मुलींच्या संघात ही पद्धत मी लावली होती. आणि झोप, नऊ तास. पण एक लक्षात ठेवा, सूज असेल, एकाच जागी बोट ठेवून दुखत असेल किंवा पाय टेकता येत नसेल तर चोळायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. आणि एका दिवसात दोन सामने नकोत, हे आयोजकांना लेखी कळवा. चार पालकांच्या सह्या घ्या. मीही माझ्या परीने लिहितोय.

हा खेळ इतका मारामारीचा होता तर पुढे बंद का नाही झाला? आणि सवानीचा संघ आज कुठे आहे?
*— एक वाचक, ठाणे*

बंद व्हायची वेळ आली होती. १९०५ च्या मोसमात या खेळात किमान १८ जणांचा जीव गेला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. पुढच्या वर्षी नियम बदलले, चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, तीन प्रयत्नांत पाचऐवजी दहा यार्ड जायची अट आली, म्हणजे नुसतं रेटून भागेना. त्यातूनच कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

सवानीचं म्हणाल तर १९३२ साली दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांची साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या संघांचा गट, स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत सवानी होतं. तोवर बाकीचे संघ हजारोंच्या प्रेक्षागृहांत खेळायला लागले होते आणि सवानी डोंगरावरच होतं. कॉन्फरन्समधले ३७ सामने खेळले, ३७ हरले. १९४० मध्ये ते बाहेर पडले. विद्यापीठाचे प्रमुख अलेक्झांडर ग्वेरी यांनी खेळासाठी शिष्यवृत्ती देणंच थांबवलं. जो शिकायला येईल तोच खेळेल, एवढं ठरवलं. आजही सवानी खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीत खेळतं. ज्यांना १८९९ मध्ये सहा दिवसांत हरवलं त्या टेक्सस, लुइझियानाच्या मैदानांत आज लाखभर लोक बसतात. ग्वेरींचा निर्णय मला त्या पाच विजयांइतकाच आवडतो. सवानीच्या मैदानाशेजारी मी उभा होतो तेव्हा सात-आठ मुलं सराव करत होती, कडेला दप्तरं टाकलेली.

सर, मी सातवीत आहे. माझ्या मामाने सांगितलं की ती मुलं बूटच विसरून गेली होती. मग ते अनवाणी खेळले का?
*— सातवीतला वाचक, सातारा*

नाही रे बाळा. सवानीत ही गोष्ट अशी सांगतात: गाडी सुटली आणि मग लक्षात आलं, बुटांचं गाठोडं मागे फलाटावरच राहिलंय. खाली तळाला चामड्याचे खुंट ठोकलेले ते बूट, त्यांच्याशिवाय पाय घसरणार. लगेच मागे तार केली, आणि मागून येणाऱ्या गाडीने बूट पाठवले. ऑस्टिनचा सामना त्यांनी बूट घालूनच खेळला.

तुझ्या मामांना माझा नमस्कार सांग. आणि गाठोडं फलाटावर कोणी ठेवलं होतं ते त्यांना माहीत असेल तर मला कळव.